शेजारच्या कबरीवरचे गवत

सिडनीपासून पश्चिमेला सुमारे तीनशे किलोमीटरवर काउरा नावाचे छोटे गाव आहे. भोवती मेंढ्यांची कुरणे, गव्हाची शेते, मधूनच निलगिरीची झाडे. मुलीकडे गेलो असताना जावयांनी आम्हां दोघांना तिथली जपानी बाग दाखवायला नेले. ऑस्ट्रेलियाच्या खेड्यात जपानी बाग म्हणजे श्रीमंत देशाची हौस, अशी आमची वाटेत समजूत होती.

बाग पाच हेक्टरांची. केन नाकाजिमा या जपानी रचनाकाराने ती आखली. पहिला भाग १९७९ साली खुला झाला, दुसरा १९८६ साली. टेकडीवरचे खडक म्हणजे डोंगर, तिथून उतरणारा ओढा म्हणजे नदी, खालचे तळे म्हणजे समुद्र. चहाघर आहे, बोन्साय आहेत, सांस्कृतिक केंद्रात कलावस्तू मांडल्या आहेत. सुंदर आहे सारे. पण ही बाग इथेच का, हे कळले आणि आमची समजूत गळून पडली.

दुसऱ्या महायुद्धात या गावाबाहेर युद्धकैद्यांची छावणी होती. ५ ऑगस्ट १९४४ रोजी, रात्री दोनच्या सुमारास हजारांहून अधिक जपानी कैदी कुंपणावर चालून गेले. हातांत स्वयंपाकाच्या सुऱ्या आणि बेसबॉलच्या बॅटी. काटेरी तारांवर घोंगड्या टाकलेल्या. पुष्कळांना सुटायचे नव्हते, मरायचे होते. शत्रूच्या हाती जिवंत सापडणे हा त्यांच्या लेखी घराण्याला काळिमा. त्या लाजेने अनेकांनी नावेही खोटी सांगितली होती आणि ती खोटी नावेच पुढे कबरींवर कोरली गेली. २३१ जपानी मेले. चार ऑस्ट्रेलियन सैनिकही मेले. त्यांतले हार्डी आणि जोन्स मशीनगन सोडून हटले नाहीत. जमावाने त्यांना ठार मारले.

युद्धानंतर गावातले माजी सैनिक आपल्या जवानांच्या कबरींची निगा राखायला जात. शेजारी जपान्यांच्या कबरी होत्या. त्यांवरचे गवतही ते काढू लागले. जपानने सुमारे बावीस हजार ऑस्ट्रेलियन सैनिक कैद केले होते आणि त्यांतले आठ हजारांवर कैदेतच मेले, हे त्या माणसांना ठाऊक नव्हते असे नाही. १९६४ साली तिथे जपानी युद्धस्मशानभूमी झाली, देशात इतरत्र पुरलेले जपानीही तिथे आणले गेले आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी ही बाग.

आमचा प्रश्न असा की, त्या माजी सैनिकांनी माफ केले होते का? आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की अमलाचे मोल नियतीवर नव्हे, नियतवर ठरते. मन साफ नसताना हाताने केलेली सेवा म्हणजे दिखावा. पण तिथे दाखवायचे कोणाला होते? मेलेल्यांचे नातेवाईक हजारो कोस दूर, त्यांना पत्ताही नाही. आम्ही हे बोलून दाखवले तेव्हा पत्नी म्हणाली, “माफी नंतर दिली असंल. गवत तर दर पावसाला वाढतं.”

एक गोष्ट मात्र सलली. त्याच छावणीत १९४३ साली डच सरकारने डिगूलहून आणलेले इंडोनेशियन राजबंदीही होते. ते आपल्या देशाचे स्वातंत्र्य मागत होते. त्यांतले काही तिथेच वारले. त्यांच्या नावाने बाग नाही. लढलेल्या शत्रूची आठवण जशी राहते तशी निरुपद्रवी माणसाची राहत नाही की काय, कोण जाणे.

परतताना गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. आमच्या गावच्या कब्रस्तानात अब्बांच्या कबरीला लागून आमच्या चाचांची कबर आहे. बांधाच्या वादात त्यांनी अब्बांना कोर्टात खेचले होते. अब्बांच्या मयतीला ते आले नाहीत आणि त्यांच्या मयतीला आम्ही गेलो नाही. दर शबे-बरातला आम्ही अब्बांच्या कबरीवरचे गवत काढतो, फुले वाहतो, आणि हात बरोबर मध्यावर थांबतो. चौदा वर्षे झाली. तिथे आता बाभळीचे रोप वाढले आहे. मागच्या खेपेस त्याचा काटा आमच्या सदऱ्यात अडकला, तेव्हा आम्ही तो सोडवून घेतला आणि निघून आलो.