थर्ड पार्टी

‘जोंगा’ हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आफ्रिकेतला वाटतो. तो आमच्या जबलपूरचा आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या लांबलचक सरकारी नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून तो तयार झाला. जपानच्या निस्सान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ या गाडीचा परवाना घेऊन भारतीय सैन्यासाठी जोंगा बनू लागली आणि इथल्या व्हेइकल फॅक्टरीतून १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बाहेर पडत राहिली. सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. त्या काळी आपल्या रस्त्यांवर जिचा रुबाब होता त्या अॅम्बेसेडरचं इंजिन दीड लिटरचं. पद्मिनीचं तर अकराशे सीसीच्या आतबाहेर. अमेरिकेत ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात तशा गाड्या आपल्याकडे बनल्या नाहीत. पण दंड थोपटून उभी राहणारी गाडी म्हणाल, तर ती जोंगा.

सैन्याच्या सेवेतून निघालेल्या जोंगा लिलावात विकल्या गेल्या, या हातातून त्या हातात फिरल्या. २०१९मध्ये महेंद्रसिंग धोनीने जोंगा घेतली, तेव्हा एरवी गाड्यांकडे न पाहणाऱ्यांनाही हे नाव ठाऊक झालं. माझ्या बहिणीच्या मुलाला मात्र ते लहानपणापासून ठाऊक होतं. बावीस वर्षांचा हा मुलगा, पहिली नोकरी, आणि साठवलेल्या पैशांतून घेतलेली, त्याच्याहून वयाने मोठी असलेली जोंगा. बहीण मला म्हणाली, “तू बोल त्याच्याशी. तुझं ऐकतो तो.” मी बोलले. त्या बोलण्यातून जो प्रश्न उरला तो एका गाडीपुरता नाही, म्हणून इथे मांडते आहे. जुन्या वस्तूशी इमान राखायचं, तर त्या इमानाची किंमत कुणी मोजायची?

आधी एक सोपा आक्षेप बाजूला ठेवते. ‘एवढी दांडगी गाडी या वयात कशाला?’ हा बहिणीचा मूळ प्रश्न. तो मला पटत नाही. कारण याच मुलाने सात वर्षांच्या हप्त्यांवर नवी कोरी एसयूव्ही घेतली असती, तर घरात पेढे वाटले गेले असते. वय तेच, रस्ता तोच. शिवाय जोंगाने त्याला जे शिकवलं ते नव्या गाडीने शिकवलं नसतं. रविवारी तो रांझीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे हात काळे करत बसतो. व्हॉल्व्हची फट मोजायला शिकला, कार्ब्युरेटर उघडून परत जोडायला शिकला. वस्तू बिघडली की टाकून द्यायच्या काळात एक तरुण मुलगा दुरुस्तीचा धीर शिकतो आहे, याला मी नाव कशाला ठेवू?

खरा वाद पेटला तो ब्रेकवरून.

त्याच्या जोंगाला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. उतारावर ते वारंवार दाबावे लागले की तापतात आणि त्यांची पकड कमी होते. पाण्यातून गाडी काढली की ओले होऊनही सैल पडतात. सीटबेल्ट नाहीत. मेकॅनिकनेच सुचवलं होतं की पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावू, आरटीओत रीतसर विचारू, आणि पुढे दोन पट्टे बसवू. भाच्याने साफ नकार दिला. “मावशी, मग ती जोंगा राहणार नाही. आधीच्या मालकाने तिच्यात डिझेल इंजिन घातलं नाही म्हणून तर मी ही घेतली. आता मीच तिला बाटवू?”

‘बाटवणं’ हा शब्द ऐकून मी थबकले, कारण तो माझ्या धंद्यातला आहे. अनुवादकावर हा आरोप रोजचा. हिंदीतून मराठीत मजकूर आणताना एकूण एक शब्द बदलतो. मूळ लेखकाने लिहिलेलं एकही अक्षर जागेवर उरत नाही. तरी आपण म्हणतो की हे पुस्तक त्याचंच आहे. कशाच्या जोरावर? शब्द बदलले तरी काहीतरी टिकलं, या विश्वासावर. ग्रीकांनी हाच प्रश्न थिसियसच्या जहाजाबद्दल विचारला होता. एकेक करत सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच म्हणायचं का? त्यावर दोन हजार वर्षं वाद चालू आहे. पण त्या वादात एक माणूस कधीच दिसत नाही. ते जहाज ज्याच्या होडीवर आदळू शकतं, तो नावाडी.

मोटारीच्या कायद्याने मात्र त्या माणसाला नाव दिलं आहे. त्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा रस्त्यावरचा कुणीही. सायकलवरचा, पायी चालणारा, शाळेतून परतणारी मुलगी. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात एक बारीक भेद आहे, आणि मला तो मोठा नीतिविचार वाटतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे, तिसऱ्या पक्षाचा सक्तीचा. म्हणजे कायदा सांगतो की तुझ्या वस्तूचा जुगार तू खेळ, दुसऱ्याच्या हातापायांचा नको.

पण विमा अपघातानंतर येतो. तो पैसे देतो, पाय देत नाही. आणि आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. चालवणाऱ्याचं वय किंवा ब्रेकची अवस्था त्यात येत नाही. अमेरिकेत १९६४च्या पॉन्टियॅक जीटीओपासून मसल कारचं वेड पसरलं. मध्यम आकाराच्या गाडीत मोठं व्ही-८ इंजिन, आणि तरुणांच्या खिशाला परवडेल अशी किंमत. पुढच्याच वर्षी राल्फ नेडर यांचं मोटारींच्या असुरक्षिततेवरचं गाजलेलं पुस्तक आलं. १९७०च्या सुमारास विमा कंपन्यांनी तरुणांच्या दांडग्या गाड्यांचे हप्ते इतके वाढवले की, धुराचे नियम आणि १९७३चं तेलसंकट यांच्याबरोबरीने, ते वेड ओसरायला त्यांचाही हातभार लागला. तिथे हिशेब बाजाराने केला. आपल्याकडे तो मालकाच्या सदसद्विवेकावर सोडलेला आहे.

भाच्याने याला जे उत्तर दिलं ते हलकं नव्हतं. तो म्हणाला, “नव्या गाडीवाला एबीएसच्या भरवशावर ऐंशीने जातो. मला माहीत आहे माझी गाडी पटकन थांबत नाही, म्हणून मी चाळिसाच्या वर जात नाही. सावध कोण आहे?” यात तथ्य आहे. आपल्या साधनाची उणीव ओळखून चालणारा माणूस आंधळ्या भरवशावर चालणाऱ्यापेक्षा बरा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, हे गणित त्याला पाठ आहे. नव्या गाडीवाल्या अनेकांना ते ठाऊकही नसतं.

तरी हे उत्तर अपुरं आहे. त्याची सावधगिरी त्याच्या हातात आहे, पण डुमनाच्या रस्त्यावर झाडीतून अचानक बाहेर येणारं हरीण किंवा ग्वारीघाटाच्या गर्दीत आईचा हात सोडून पळणारं मूल त्याच्या हातात नाही. अशा वेळी कामाला येतं ते फक्त अंतर. दीड टनाहून जड गाडी किती फुटांत थांबते, एवढाच प्रश्न तिथे उरतो. ड्रम ब्रेकवर त्याचा जीव आहे, हे त्या मुलाला कुणी विचारलेलं नाही. गाडीत बसणाऱ्याने जोखीम पत्करलेली असते, रस्त्यावरच्याने नाही. ज्याची संमती घेतली नाही त्याच्याकडून आपल्या छंदाची किंमत वसूल करायची, याला मी इमान म्हणणार नाही.

२०२१मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी जे नियम केले, त्यांत हा तिढा व्यवहाराने सोडवलेला दिसतो. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात ठेवलेली असेल, तर तिला वेगळी नोंदणी मिळते; पण तिने रोज रस्त्यावर यायचं नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरण्यापुरतंच निघायचं. अस्सलपण हवं तर गर्दीपासून दूर राहा, गर्दीत यायचं तर गर्दीचे नियम पाळा, असा मी त्याचा अर्थ लावते. भाच्याची जोंगा अजून पन्नाशीची नाही. तो तिने रोज ऑफिसला जातो. म्हणजे त्याला दोन्ही हवं आहे, संग्रहालयातलं पावित्र्य आणि रस्त्यावरची मोकळीकही.

अनुवादातही असा हट्ट धरणारे असतात. मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवतात, वाचक ठेचकाळला तरी चालेल म्हणतात. मी तिथेही वाचकाच्या बाजूने असते. पुस्तक लेखकाचं खरं, पण अनुवाद ज्याच्या हातात जातो त्याने लेखकाशी कसलाही करार केलेला नसतो. अर्थात वाईट अनुवादाने कुणाचा पाय मोडत नाही. म्हणून माझ्या धंद्यात हा मतभेद आहे, त्याच्या बाबतीत ते कर्तव्य आहे.

“मग जोंगाचं उरतं काय?” त्याने विचारलं. मी म्हणाले, पुष्कळ उरतं. इंजिनाचा आवाज उरतो. पॉवर स्टिअरिंग नसल्याने वळवताना खांद्याला लागणारी रग उरते. इथल्या कामगारांनी केलेलं जोडकाम उरतं, आणि नावात जबलपूर उरतं. ड्रम ब्रेकवर तर त्या कामगारांचंही प्रेम नव्हतं; त्या काळी उपलब्ध होते म्हणून त्यांनी ते बसवले. त्यांना चांगले मिळाले असते, तर त्यांनी चांगले बसवले असते.

सीटबेल्ट त्याने गेल्या महिन्यात बसवून घेतले. ब्रेकचं अजून ठरत नाही. डिस्क ब्रेकचा खर्च त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा आहे, आणि पैसे मी देऊ केले तेव्हा तो नको म्हणाला. त्याचा नकार मला आवडला. थर्ड पार्टीचं देणं आहे. ते मालकानेच फेडायला हवं. तोवर ऑफिसला बसने जा, एवढंच मी त्याला सांगितलं आहे.