मोगरी कोणी लावायची?



वारकरी बंधुभगिनींनो, आषाढी एकादशीला ज्यांना पंढरी गाठता येत नाही, अशी आमच्या खानदेशातली पुष्कळ मंडळी जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात विठ्ठलाच्या रथाला येतात. दोर ओढायला तरणी पोरे असतात. त्यांचे बळ पाहून समाधान वाटते. पण रथ नुसत्या बळाने चालत नाही. चाकाखाली वेळेवर लाकडाची मोगरी सारणारा जाणता माणूस लागतो. तो चुकला, तर जितके बळ अधिक तितका धोका अधिक. ती नजर वर्षानुवर्षे चाकाजवळ राहूनच येते.

एकदा रथाच्या दिवशी आम्ही एका वृद्ध माळकऱ्याच्या घरी गेलो. बाहेर टाळमृदंगाचा गजर आणि बाबा माजघरात बसलेले. विचारले, तर म्हणाले, "पोरं म्हणतात, बाबा, आता तुमचं काय काम तिथं?" पोरांच्या मनात काळजीच होती. पण 'तुमचे काम नाही' हा शब्द म्हाताऱ्याला दुखण्यापेक्षा जड जातो. आणि पाहा, त्याच बाबांनी आदल्या दिवशी केसांना कलप लावला होता! म्हातारे दिसलो तर बाजूला सारतील, ही धास्ती.

आज जिकडेतिकडे तरुण दिसण्याचा बाजार भरला आहे. सुरकुती म्हणजे जणू अपराध! या हव्यासाचे उत्तर आमच्याच मुलखात आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे. परंपरा सांगते की, योगबळाने काळाला चुकवून चांगदेव चौदाशे वर्षे जगले. पण ज्ञानोबांना पत्र लिहिताना मायनाच सुचेना; वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने थोर! शेवटी कागद कोराच गेला. मुक्ताईने ओळखले, एवढी वर्षे जगून हा कोराच राहिला. पुढे त्याच मुक्ताईला त्यांनी गुरू केले. काळ चुकवता आला, पण ज्ञानासाठी लेकरापुढे वाकावेच लागले.

उलट ज्ञानोबांनी ऐन पोरवयात, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली आणि तेराव्या अध्यायात म्हातारपण येण्याआधीच ते ओळखून ठेवायला शिकवले. ते एकविसाव्या वर्षी समाधिस्थ झाले. नामदेवराय ऐंशी वर्षे कीर्तनात रंगले. संतांनी वय मिरवलेही नाही, लपवलेही नाही.

आणि आपला देव विटेवर का उभा आहे? पुंडलिक म्हाताऱ्या आईबापांची सेवा करीत होता म्हणून! त्याच पुंडलिकाच्या देशात आईबापांना पोटगी मिळावी म्हणून २००७ साली कायदा करावा लागला. माळ घालणाऱ्यांनी याची लाज धरावी.

तरण्यांनो, येत्या एकादशीला घरच्या म्हाताऱ्याला हात धरून रथापाशी आणा. चालवत नसेल तर ओट्यावर बसवा, पण 'मोगरी कशी लावायची, बाबा?' एवढे विचारा. आणि वडील मंडळींनो, केस लपवू नका आणि जागाही अडवू नका. हातातली मोगरी नातवाच्या हातात द्या, आपले हात टाळीला मोकळे करा. नामाला वय लागत नाही.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!