खुर्च्यांच्या कारखान्यातले ब्लूज

मिशिगन सरोवराच्या काठी पोर्ट वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. तिथली विस्कॉन्सिन चेअर कंपनी नावाप्रमाणे खुर्च्या बनवायची. फोनोग्राफ घरोघरी शिरू लागले, तशी तिने फोनोग्राफची लाकडी कपाटंही करायला घेतली. कपाट खपायचं तर त्यात वाजवायला काहीतरी हवं, म्हणून रेकॉर्ड काढल्या आणि त्या व्यवसायाला पॅरामाउंट असं नाव दिलं. संगीताची ओढ म्हणून सुरू झालेला हा उद्योग नव्हता. रेकॉर्डचा माल हलका असायचा, त्यामुळे सुई टेकल्या टेकल्या खरखर सुरू होई. पण ब्लूजमधली आज ज्यांच्यापुढे जाणकार मान झुकवतात अशी कितीतरी नावं, मा रेनी, ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स, आपल्यापर्यंत पोचली ती याच खुर्चीवाल्यांमुळे. मंदी आली, धंदा बसला, 1932 च्या सुमारास ध्वनिमुद्रण थांबलं आणि धातूचे बहुतेक साचे भंगारात गेले.

त्या रेकॉर्ड लाखेच्या असत आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश म्हणजे आपला हिंदुस्थान. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेत जुन्या रेकॉर्ड गोळा करून वितळवल्या गेल्या. त्यात कोणाकोणाचा आवाज गेला, याची यादी कोणी ठेवलेली नाही.

ब्लूजबद्दल बोलताना मला हे सगळं आधी सांगावंसं वाटतं. आपण ज्यांना या संगीतातले महान म्हणतो आणि ज्यांना फारसे परिचित नसलेले म्हणतो, त्यांच्यातली रेघ गुणवत्तेने क्वचितच ओढली आहे. ती ओढली आहे कपाटांच्या धंद्याने, भंगारवाल्यांनी, आणि पुढे काही वर्षांनी रेकॉर्ड शोधत फिरणाऱ्या मूठभर तरुणांच्या आवडीनिवडीने. हे एकदा लक्षात आलं की ऐकण्याची रीतच बदलते.

गीशी वायली आणि एल्वी थॉमस या दोघींचं उदाहरण घ्या. टेक्ससमधल्या ह्यूस्टनच्या या दोन कृष्णवर्णीय स्त्रिया 1930 साली ग्रॅफ्टन या गावी पॅरामाउंटच्या स्टुडिओत आल्या. तिथे झालेल्या त्यांच्या सगळ्या कामातून आज मिळून सहा बाजू उरल्या आहेत. त्यातलं ‘लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज’ ऐकून बघा. युद्धावर निघालेला माणूस जाताना काय सांगून गेला, इथून गाणं सुरू होतं आणि मरणाच्या आसपास फिरत राहतं. वायलीच्या आवाजात रडणं नाही, विनवणी नाही. एखादी बाई दारात उभी राहून शांतपणे वाईट बातमी सांगते, तसा तो आवाज आहे. दोन गिटारी एकमेकींच्या पायात न येता चालतात. ब्लूजच्या शंभर वर्षांतल्या कोणत्याही गाण्याशेजारी मी हे गाणं निःशंकपणे ठेवीन. आणि या रेकॉर्डच्या ज्ञात प्रती हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. मॅक मॅककॉर्मिक या संशोधकाने 1961 मध्ये ह्यूस्टनमध्येच थॉमसला गाठून तिची मुलाखत घेतली, पण ती माहिती जगासमोर यायला 2014 साल उजाडलं. तोवर ती कधीच वारली होती. मधल्या काळात ती हे गाणंबजावणं सोडून चर्चकडे वळली होती.

आता दुसरं टोक पाहा. रॉबर्ट जॉन्सन. 1936 च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनिओमध्ये आणि 1937 च्या जूनमध्ये डॅलसमध्ये मिळून त्याने 29 गाणी मुद्रित केली, आणि 1938 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो मेला. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून वादन मिळवल्याची आख्यायिका त्याला चिकटली आहे. टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल त्याच्या भावाने जवळपास हीच गोष्ट सांगितली होती. ती आडनावासकट रॉबर्टकडे सरकली. जिवंतपणी त्याची एकच रेकॉर्ड बऱ्यापैकी खपली. 1961 साली कोलंबियाने त्याच्या गाण्यांची लाँग प्ले तबकडी काढली, ती इंग्लंड-अमेरिकेतल्या गिटार वाजवणाऱ्या तरुणांच्या हाती पडली आणि तो ब्लूजचा राजा झाला.

तो मोठाच आहे, यात शंका नाही. पण तो कोणाचं ऐकून मोठा झाला? स्किप जेम्सचं ‘22-20’ त्याने ‘32-20’ करून गायलं. आणि त्याच्या गायकीत सगळ्यात जास्त कोण डोकावत असेल, तर लेरॉय कार. इंडियानापोलिसचा हा पियानोवादक गायक. गिटारवर स्क्रॅपर ब्लॅकवेलला घेऊन 1928 मध्ये त्याने ‘हाउ लाँग, हाउ लाँग ब्लूज’ गायलं आणि ते कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये घराघरांत वाजलं. मऊ, जवळ बसून बोलल्यासारखा आवाज, त्याखाली पियानो, आणि ओळ संपली की गिटारचा टोकदार जबाब. हा माणूस तिशीत दारूने गेला. त्या काळातल्या ब्लूज ऐकणाऱ्यांना सर्वांत मोठ्या गायकांची नावं विचारली असती, तर त्यात कार नक्की असता आणि जॉन्सन बहुधा नसता. आज उलटं आहे. का?

कारण ज्यांनी नंतर निवड केली ते वेगळे लोक होते. न्यूयॉर्कच्या आसपास 1940 आणि 50 च्या दशकांत काही गोरे तरुण जुन्या रेकॉर्ड जमवत. त्यांच्यातला जेम्स मॅक्यून ब्रुकलिनमध्ये वायएमसीएच्या खोलीत राहायचा, आणि त्याचा मोजका संग्रह पलंगाखाली मावायचा. त्यांचे कान तयार होते, यात वाद नाही. पॅटनची थोरवी त्यांनी ओळखली नसती तर आपल्याला ती कळलीच नसती, हे ऋण मी मानतो. मात्र त्यांना हवा होता एकटा, फाटका, खेड्यातला, गिटार घेतलेला पुरुष. जो सुटाबुटात गायचा, ज्याच्या रेकॉर्ड भरपूर खपल्या, जो पियानो वाजवायचा, तो त्यांना बाजारू वाटला. लॉनी जॉन्सनचं असंच झालं. 1927 मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या आणि पुढच्या वर्षी ड्यूक एलिंग्टनच्या रेकॉर्डवर गिटार वाजवलेला हा माणूस. एकेका तारेवर गाण्यासारखी ओळ काढणं त्याने रूढ केलं, आणि बी. बी. किंग त्याचं ऋण उघड सांगायचा. 1959 च्या सुमारास तो फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात साफसफाईचं काम करताना सापडला. पुन्हा मंचावर आल्यावर त्याला हळुवार प्रेमगीतंही गायची होती. समोरच्यांना ती नको होती. त्यांच्या मनातल्या ब्लूजवाल्याच्या चित्रात ती बसत नव्हती.

सर्वांत मोठा अन्याय झाला तो स्त्रियांवर. ब्लूजच्या रेकॉर्डची कहाणी स्त्रीपासूनच सुरू होते. 10 ऑगस्ट 1920 रोजी न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’ गायलं आणि ते इतकं खपलं की कृष्णवर्णीय ग्राहक नावाची बाजारपेठ आहे, हे कंपन्यांना पहिल्यांदा कळलं. मग मा रेनी, बेसी स्मिथ, आयडा कॉक्स. गिटारवाले पुरुष रेकॉर्डवर रुळले ते यांनी उघडलेल्या दारातून. बेसीचं पहिलं गाजलेलं गाणं ‘डाउनहार्टेड ब्लूज’ लिहिलं होतं अल्बर्टा हंटर आणि पियानोवादक लव्ही ऑस्टिन या दोघींनी. अल्बर्टाचं आयुष्य कादंबरीत घालावं असं आहे. साठीत तिने गाणं सोडलं, वय कमी सांगून परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि वीस वर्षं न्यूयॉर्कच्या रुग्णालयात नोकरी केली. सत्तरीची झाली असं समजून तिला निवृत्त केलं गेलं तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती. मग 1977 मध्ये ती ‘द कुकरी’ नावाच्या छोट्या क्लबात पुन्हा गाऊ लागली आणि 1984 मध्ये मरेपर्यंत गात राहिली. त्या उतारवयातल्या तबकड्या आवर्जून ऐकाव्यात. शब्द फेकण्याची अशी जागती समज तरुण गळ्यांत सापडत नाही.

मेम्फिस मिनीचं नाव रॉक ऐकणाऱ्यांना माहीत असतं ते लेड झेपेलिनच्या 1971 च्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मुळे. मूळ गाणं तिने आणि कॅन्सस जो मॅकॉय याने 1929 मध्ये मुद्रित केलं, 1927 च्या मिसिसिपीच्या महापुरावर. पण मिनी म्हणजे एवढंच नाही. 1929 पासून तिने दोनशेच्या घरात गाणी दिली. लँग्स्टन ह्यूज या कवीने 1942 च्या वर्षअखेरच्या रात्री शिकागोत तिला ऐकलं आणि ‘शिकागो डिफेंडर’मध्ये तिच्या विजेच्या गिटारीच्या दणक्याबद्दल लिहिलं. शिकागोच्या विजेरी ब्लूजचा जनक म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात तो मडी वॉटर्स त्या शहरात आला 1943 मध्ये! 1973 साली मिनी वारली. तिच्या थडग्यावर दगड बसला 1996 मध्ये, बॉनी रेट या गायिकेच्या पैशाने.

साठच्या दशकातल्या ‘शोधां’च्या कथा मोठ्या चवीने सांगितल्या जातात. मिसिसिपी जॉन हर्टच्या 1928 मधल्या एका गाण्यात अॅव्हलॉन या गावाचं नाव होतं. तेवढ्यावरून टॉम हॉस्किन्स हा ब्लूजप्रेमी 1963 मध्ये तिथे पोचला, तर सत्तरीतला हर्ट गावातच होता, शेतीत राबत. सन हाउस 1964 च्या जूनमध्ये रॉचेस्टरला सापडला. त्याच सुमारास स्किप जेम्स ट्युनिकाच्या रुग्णालयात सापडला. या कथा मला आवडतात, पण ‘हरवलेले सापडले’ ही त्यांची चाल मला पटत नाही. हर्ट कधीच हरवला नव्हता. गावाला तो माहीत होता. हरवली होती ती ऐकणाऱ्यांची वाट. सन हाउसने तर कित्येक वर्षं गिटारला हात लावलेला नव्हता. विशीतल्या अॅलन विल्सन या गिटारवादकाने त्याच्यासमोर बसून त्याचीच जुनी गाणी त्याला पुन्हा शिकवली. 1965 च्या त्याच्या तबकडीत तो जे गातो ते त्याचंच आहे आणि तरी कोणीतरी परत आणून दिलेलं आहे. ती ऐकताना हे दोन्ही मनात ठेवावं लागतं.

एलिझाबेथ कॉटनची गोष्ट याहून विलक्षण. नॉर्थ कॅरोलायनातल्या या मुलीने बारा वर्षांची होण्याच्या आसपास ‘फ्रेट ट्रेन’ रचलं, मग चर्चच्या धाकाने गिटार सोडली आणि आयुष्य घरकामात गेलं. एका दुकानात चुकलेली लहान मुलगी तिने आईकडे पोचती केली. ते सीगर कुटुंब, आणि घर संगीतकारांचं. त्यांच्याकडे कामाला लागल्यावर तिने भिंतीवरची गिटार उतरवली. ती डावरी. गिटार उलटी धरायची, त्यामुळे खर्ज बोटांनी आणि सुरावट अंगठ्याने निघायची. ही तिची स्वतःची शैली. 1957 मध्ये इंग्लंडात ‘फ्रेट ट्रेन’ गाजलं तेव्हा त्यावर दुसऱ्याच दोघांची नावं होती आणि हक्कासाठी भांडावं लागलं. नव्वदीत पोचल्यावर, 1985 मध्ये, तिला ग्रॅमी मिळालं.

आपल्याकडच्या श्रोत्याला या संगीतात शिरायला एक वाट आधीच मोकळी आहे. ब्लूजचा गंधार शुद्धही नसतो आणि कोमलही. तो दोहोंच्या मध्ये हलत राहतो आणि शब्दागणिक जागा बदलतो. पियानोवर तो नसतोच, म्हणून कारसारखे वादक शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून त्याचा भास करतात. गिटारवाले बाटलीची मान किंवा सुरी तारेवर घासून तो काढतात. श्रुतींची सवय असलेल्या कानाला हे पहिल्याच दिवशी ऐकू येतं. फ्रेड मॅकडॉवेलपासून सुरुवात करावी, असं मी सांगेन. 1959 मध्ये लोकसंगीत मुद्रित करत फिरणारा अॅलन लोमॅक्स मिसिसिपीतल्या कोमो गावात पोचला तेव्हा हा शेतकरी दिवसाचं काम संपवून संध्याकाळी वाजवायला आला. त्याच्या गाण्यात स्वरसमूह जवळजवळ बदलत नाहीत. एका आधारस्वरावर सगळं फिरतं. ते बारा ‘बार’चे कप्पे, जे ब्लूजच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर असतात, इथे उपयोगी पडत नाहीत. त्याच डोंगराळ भागातली जेसी मे हेम्फिल गिटार वाजवता वाजवता पायाने तालवाद्य सांभाळायची. तिच्या आजोबांनाही लोमॅक्सने 1942 मध्ये मुद्रित केलं होतं.

दुसरी वाट परंपरेची. आपण गवयाला विचारतो, कोणाकडे शिकलात? तेच इथे विचारावं. मुंबईत मेहबूब स्टुडिओत 2011 मध्ये ब्लूज महोत्सव सुरू झाला, तेव्हा गिटारवादक बडी गाय आला होता. वाजवत वाजवत श्रोत्यांत उतरण्याची त्याची लकब जगप्रसिद्ध आहे. ती त्याने घेतली गिटार स्लिमकडून. ‘द थिंग्ज दॅट आय यूज्ड टू डू’ हे स्लिमचं गाणं, ज्यात पियानोवर रे चार्ल्स आहे, ऐकलं की बडी गाय अर्धा उलगडतो. असं मागे मागे जात राहिलं की प्रसिद्ध नावं संपतात आणि खरा प्रदेश सुरू होतो.

कधी कधी तर रेकॉर्डही संपतात. स्किप जेम्सची गिटारच्या तारांची ती उदास, चमत्कारिक जुळणी, जिच्यामुळे ‘डेव्हिल गॉट माय वुमन’ मध्यरात्री एकट्याने ऐकवत नाही, त्याला दिली बेंटोनिया गावच्या हेन्री स्टकीने. स्टकी सांगायचा की ती त्याला पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये भेटलेल्या बहामाच्या सैनिकांकडून मिळाली. तो 1966 मध्ये वारला आणि त्याचं एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्याच गावात 1948 साली सुरू झालेलं ब्लू फ्रंट कॅफे आहे. मूळ मालकांचा मुलगा जिमी ‘डक’ होम्स ते चालवतो. लहानपणी त्याने स्टकीला वाजवताना पाहिलं, पुढे जॅक ओवेन्स या वादकाकडून ती जुळणी हातात घेतली, आणि 2019 मध्ये त्याची ‘सायप्रस ग्रोव्ह’ ही तबकडी निघाली. आधी ती ऐका, मग 1931 चा स्किप जेम्स. या दोघांत जे समान आहे, त्यातलं बरंचसं स्टकीचं आहे.