कावळा, फांदी आणि टाकीचं झाकण

‘‘हरसूलला चाललोय’’ म्हटलं, की हटकून कुणीतरी विचारतं, ‘‘किती वर्षांसाठी?’’ तुरुंगाचं हरसूल छत्रपती संभाजीनगरचं. मी म्हणतो ते नाशिक जिल्ह्यातलं, गुजरातच्या सीमेकडचं. तिथे एका स्नेह्याच्या मुलीचं लग्न होतं. गोष्ट कार्बुरेटरच्या गाड्यांच्या काळातली.

त्र्यंबकेश्वर मागे पडलं आणि आमची जुनी गाडी चालता चालता गप्प झाली. दहा मिनिटांनी सुरू झाली, चार मैल गेली, पुन्हा बंद.

‘‘त्या मेकॅनिकचे उपद्व्याप!’’ मी निकाल दिला. आठवड्यापूर्वी त्याने कार्बुरेटर साफ केला आणि लगेच हे दुखणं सुरू झालं. त्याला चारचौघांत झापून मी त्याचे 20 रुपये अडकवलेही होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, हे आपण मुलांना शिकवतो. पण कावळ्याच्या हातात पाना दिसला, की त्याला फाशी द्यायला मोकळे!

मागून एक खचाखच भरलेली जीप आली. ड्रायव्हर उतरला. इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते, एवढाच त्याचा वेदान्त. प्लगची ठिणगी पाहिली, होती. मग टाकीचं झाकण फिरवलं. ‘फुस्स’ करून टाकीने हवा आत ओढली. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा होता.

‘‘भोक बुजलंय, साहेब. पेट्रोल कमी होईल तशी हवा आत जायला नको? पोकळी झाली की पंपाला ओढवत नाही. थांबल्यावर हवा झिरपते, म्हणून परत चालू.’’

‘‘अहो, हे बसवलं कुणी?’’ सौ.नी विचारलं.

मीच. पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून, त्याच आठवड्यात! म्हणजे फांदीवर कावळे दोन होते. दुसरा मला दिसला नाही, कारण तो मी होतो.

बिघाड ‘का’ झाला हे शोधायला निघालेला माणूस ‘कुणी केला’पाशीच का थांबतो? मला वाटतं, कारण शोधायचं तर स्वतःचेही खिसे तपासावे लागतात. गुन्हेगार मात्र नेहमी दुसऱ्याच्या घरी सापडतो.

जेवणात जिलबी होती, घशाखाली उतरेना. नाशकात परतल्यावर मेकॅनिककडे गेलो. 20 रुपये टेकवून ‘झाली दुरुस्त’ म्हणत सटकायचा मोह होता. पण सांगून टाकलं, चारचौघांतच.

वाटलं, हसेल. तो म्हणाला, ‘‘बरं झालं, साहेब. चार रात्री अंथरुणावर पडलो की तोच कार्बुरेटर मनात उघडून बघत होतो. माझं काय चुकलं, सापडतच नव्हतं.’’

मी आणखी पाच रुपये पुढे केले. त्याने ते घेतले नाहीत. झाकणाच्या भोकातून तार फिरवून मात्र दिली. फुकट.