नंबर लागेल का?

सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामध्ये जाम नदी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून गोटमार होते, एवढ्यापुरते आमचे गाव बाहेरच्यांना माहीत असते. एरवी संत्री, कापूस आणि मुलांचे शिक्षण या तीन काळज्यांवर वर्ष काढणारी आम्ही साधी माणसे आहोत. यंदा गोटमार आटोपून चार-पाच दिवस झाले असतील. दिवेलागणीच्या सुमारास आमच्या गल्लीतला एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आला. मुलगी माझी विद्यार्थिनी नव्हे; मी निवृत्त झालो तेव्हा ती पाळण्यात असेल. पण निवृत्त मास्तराकडे सल्ला फुकट मिळतो आणि तोही चहासकट, ही समजूत आमच्याकडे अजून टिकून आहे.

मुलीच्या हातात नीट परीक्षेच्या गुणांचा कागद होता. ‘एमबीबीएसचं तर गेलं सर,’ ती म्हणाली. ‘डेंटलले माहा नंबर लागन का जी? का यंदा सोडून पुन्हा एक वर्ष बसू?’

मी कागद पाहिला. तिचे गुण येथे देत नाही. ते तिचे आहेत. ‘पाहून सांगतो,’ म्हटले. ती आत घरच्यांना भेटायला गेली तशी बापाने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘सर, पोरगी इथं नाही. आता खरं सांगा.’

हे ‘आता खरं सांगा’ माझ्या मनातून जाईना. मुलीला जे सांगायचे ते खरे नसणार, असे त्या भल्या माणसाने गृहीतच धरले होते. त्यात वाईट हेतू नव्हता. मुलीचे मन मोडू नये आणि आपला पैसा बुडू नये, या दोन्ही इच्छा बापाला एकाच वेळी असतात. पण एकाच प्रश्नाला मुलीसाठी एक आणि बापासाठी दुसरे उत्तर देणे उचित आहे काय? आणि मुळात एखाद्या माणसाची ‘शक्यता’ सांगतो तेव्हा आपण नेमके काय सांगत असतो? या दोन प्रश्नांचा विचार वाचकांबरोबर करावा म्हणून हा लेख.

आधी हिशेब पाहू. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक कापला जातो. २०२५ साली २२ लाखांहून अधिक मुलेमुली या परीक्षेला बसली आणि १२ लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरली. देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या वर आणि बीडीएसच्या सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस हजार. म्हणजे पात्र होणे आणि नंबर लागणे या दोन गोष्टींत लाखांचे अंतर आहे. ‘पोरगी क्वालिफाय झाली’ म्हणून गल्लीत पेढे वाटले जातात आणि पुढे दोन महिन्यांनी घर गप्प होते, त्याचे कारण या अंतरात आहे.

त्यातही सगळ्या जागा सगळ्यांना खुल्या नसतात. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या ८५ टक्के त्या त्या राज्याच्या मुलांना. येथे आमच्या सीमाभागाची खरी अडचण सुरू होते. मध्य प्रदेशातले शासकीय दंत महाविद्यालय इंदूरला, आमच्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय सुमारे शंभर किलोमीटरवर. दुखणे, लग्नाचा बस्ता, संत्र्याचा बाजार, सगळ्याला आम्ही नागपूरला जातो. पण महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे अधिवास तिथला लागतो आणि दहावी-बारावीही तिथलीच लागते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर हीच आमच्या प्रांताची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी पट्टा छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी रेघ होती तिथेच आहे. बेळगावकडील ८६५ गावांच्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात काही जागा राखून ठेवलेल्या असतात, कारण तिथला वाद अजून मिटलेला नाही. आमचा वाद नाही, म्हणून आमच्यासाठी जागाही नाहीत. नीटची मराठी प्रश्नपत्रिकासुद्धा महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते; आमच्या मुलांनी हिंदी घ्यावी किंवा इंग्रजी.

ही तक्रार म्हणून सांगत नाही. इकडच्या मुलांना इकडचा कोटा आहेच. शासकीय शाळांत शिकलेल्या मुलांसाठी मध्य प्रदेशाने २०२३ पासून पाच टक्के जागाही राखल्या आहेत, आणि ही मुलगी शासकीय शाळेतलीच. सांगायचे आहे ते एवढेच की, तिच्या ‘शक्यते’त तिच्या अभ्यासाचा वाटा आहे तसा ती कोणत्या काठावर जन्मली याचाही आहे. गोटमारीत आपण कोणत्या बाजूने उभे राहायचे हे कोणी निवडत नाही. घर ज्या काठावर, ती बाजू आपली. इथेही तसेच आहे.

आणखी एक गोष्ट. बीडीएसच्या २०२०-२१ च्या प्रवेशांत सुमारे सात हजार जागा रिकाम्या राहिल्या, म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेची पर्सेंटाइल दहाने खाली आणायला सांगितली. जी मुले आदल्या आठवड्यात अपात्र होती ती एका आदेशाने पात्र झाली. त्या आठवड्यात त्यांच्या अंगी नवी हुशारी आली होती काय? उलट बाजूही आहे. आमच्याच राज्यातल्या पीएमटीचा व्यापम घोटाळा २०१३ मध्ये उघड झाला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६३४ जणांचे वैद्यकीय प्रवेश रद्दच ठरवले. त्या वर्षांत ज्या प्रामाणिक मुलांचा नंबर लागला नाही, त्यांनी स्वतःला नापास समजून घेतले असेल. तराजूच खोटा होता, हे त्यांना कोण सांगणार?

यावरून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. ‘तुझी शक्यता इतकी’ हे विधान मुलीविषयी नसून रांगेविषयी असते. रांग किती लांब आहे, पुढे कोण उभे आहेत, खिडकी किती वेळ उघडी राहणार आहे, फी भरायला कोणाजवळ किती आहे, याचे ते वर्णन असते. ते वर्णन खरे असले पाहिजे. पण त्या आकड्याला आपण मुलीची किंमत समजू लागलो की चूक होते. मुलीसमोर खरे बोलायला बाप कचरला, तो या चुकीमुळेच. रांग लांब आहे हे सांगणे त्याला ‘तू कमी आहेस’ असे सांगण्यासारखे वाटत होते.

आता सल्ला देणाऱ्याच्या कर्तव्याविषयी. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एका जहाजमालकाची गोष्ट मांडली आहे. जहाज जुने, ते समुद्रात टिकेल का, अशी शंका मालकाच्या मनात येते. पण दुरुस्तीला खर्च आहे. तेव्हा तो मनाची समजूत घालतो की इतक्या फेऱ्या झाल्या तशी हीही होईल, आणि निश्चिंत मनाने प्रवाशांना निरोप देतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस दोषी आहे. आणि जहाज सुखरूप पोचले असते तरी तो तेवढाच दोषी ठरला असता, कारण विश्वास ठेवण्याचा अधिकार त्याने तपास करून मिळवलेला नव्हता.

हा जहाजमालक मी स्वतः होऊन गेलो आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गात एक हुशार मुलगा होता. त्याच्या बापाने विचारले तेव्हा मी काहीही न पाहता म्हणालो, ‘होईलच, काळजी करू नका.’ जागा किती, मागच्या वर्षी यादी कुठे थांबली, काही विचारले नव्हते. असे बोलताना मला बरे वाटत होते, एवढेच. मुलगा तीनदा बसला. तिसऱ्या वर्षी त्यांनी बैलजोडी विकली आणि पुढचा पोळा त्या घराने दाराआड काढला. नंबर लागला नाही. आज तो बियाण्या-खतांचे दुकान चालवतो, बरे चालवतो. मध्यंतरी भेटला तेव्हा मी धीर करून तो विषय काढला. तो म्हणाला, ‘पहिलं वर्ष नाही चुकलं सर. ते कराचंच होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोणी तरी थांबवाले पायजे होतं. तुम्ही दरवर्षी होईलच म्हणत गेले.’ मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

मग काय, मुलांना आशा देऊच नये? तसे नाही. क्लिफर्डला अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ साली उत्तर दिले. त्याचे म्हणणे असे की, काही गोष्टी आपल्या विश्वासानेच घडून येतात. तिथे आधी पुरावा मिळेल आणि मग विश्वास ठेवीन असे म्हणणारा काहीच करू शकत नाही. अभ्यासाला बसणाऱ्या मुलीला हे शंभर टक्के लागू आहे. ‘होणार नाही’ असे मनात धरून पहाटे चारला कोण उठेल?

मला वाटते, दोघेही बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या माणसांशी बोलत आहेत. जो स्वतः कष्ट करणार आहे त्याला पुराव्यापलीकडे विश्वास ठेवण्याचा हक्क आहे, कारण त्याचे मोल तो स्वतः देतो. जो दुसऱ्याला सल्ला देतो त्याला तो हक्क नाही, कारण मोल दुसरा देणार असतो. मास्तर, मामा, कोचिंगवाला, शेजारी, आम्ही सगळे या दुसऱ्या वर्गात येतो. निकाल लागल्यावर आम्ही गीतेतल्या निष्काम कर्माची आठवण करून देतो. फी भरायच्या दिवशी मात्र ती आम्हांला आठवत नाही.

आणखी एक प्रश्न मी त्या मुलीसाठी मनात ठेवला होता. ‘एमबीबीएस नाही तर डेंटल’ असे म्हणून जी तिथे जाईल, ती चार वर्षे आणि वरचे इंटर्नशिपचे वर्ष कशाच्या बळावर काढील? देशातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढले आणि स्वतःच्या कमाईवर अनेक वर्षे चालवले. कोणाच्या तरी पहिल्या पसंतीवर ही विद्या इथे उभी राहिली आहे. आमच्याकडे तर तिची गरज चौकाचौकांत दिसते. खर्रा खाऊन ज्यांचे तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही, भाकरीचा घास तिखट नसतानाही जळतो, अशी तिशीतली माणसे इथल्या पानठेल्यावर उभी असतात. ते आखडलेले तोंड पुढे कॅन्सरकडे जाऊ शकते, आणि ते वेळेवर ओळखणारा पहिला माणूस बहुधा दातांचाच डॉक्टर असतो. रोग्याच्या दृष्टीने त्याचे दुखणे दुय्यम नसते. म्हणून ‘नंबर लागेल का’ याच्या बरोबरीने ‘लागला तर मनापासून करीन का’ हेही स्वतःला विचारले पाहिजे, आणि याचे उत्तर कोणत्याही कट-ऑफमध्ये मिळत नाही.

त्या संध्याकाळी मी बापाला म्हटले, ‘तिला बोलवा. जे सांगायचे ते दोघांना मिळून सांगतो.’ तो चपापला, पण त्याने हाक मारली. मग मी कागदावर मांडून दाखवले. मागच्या दोन वर्षांत तिच्या प्रवर्गाची यादी कुठे थांबली. इंदूर कठीण दिसते. खासगी कॉलेजात नंबर लागण्यासारखा आहे, पण तिथली फी लाखांत जाते. ती संत्र्याच्या एका बहारात निघणार नाही. पुन्हा बसायचे तर एकच वर्ष, आणि पुढच्या निकालानंतर हाच कागद घेऊन पुन्हा इथे यायचे. डेंटल खरोखर करायचे आहे का, हे मात्र तिने दोन दिवस एकटीने विचार करून ठरवायचे. ते मी सांगणार नाही आणि बापानेही सांगू नये.

मुलगी रडली नाही. बापालाच मधे एकदा डोळे पुसावे लागले. मी त्याला विचारले, ‘आंबिया बहाराचा बगीचा व्यापारी झाडावरच मागतो तेव्हा तुम्ही काय करता?’ तो म्हणाला, ‘फळं मोजतो, गळ किती होईल पाहतो, मग भाव सांगतो.’ ‘आणि बहार गेला तर झाड तोडता?’ तो हसला. ‘झाड कसं तोडीन सर? त्याले पाणी देतो.’

त्याला हे सगळे आधीच ठाऊक होते. बागेतले शहाणपण घरात आणायचे तेवढे राहिले होते.

जाताना मुलीने दारात विचारले, ‘सर, म्हणजे माहा नंबर लागन का नाही?’ मी म्हटले, ‘ते रांगेवर आहे बाई. तुझ्या हाती आहे तेवढं तू कर. रांग पुढे सरकते की नाही ते आपण तिघं मिळून पाहू.’ हे लिहितो आहे तेव्हा प्रवेशाच्या फेऱ्या चालू आहेत. काल तिने निरोप पाठवला, विचार झाला, डेंटलच करायचे आहे. नंबरचे अजून कळलेले नाही.