शनीचे पाच अंश

केज तालुक्यातलं युसूफ वडगाव. ओट्यावर पंचांग मांडणारे आजोबा आणि भौतिकशास्त्र शिकलेली नात.

नात : आजोबा, कोपर्निकसने १५४३ साली सूर्य मधोमध ठेवला. त्याच्या तेवीसच वर्षं आधी कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ रचलं, पण मधोमध पृथ्वीच. तरी तुम्ही त्यांना एवढं मानता?

आजोबा : अगं, ज्याकोष्टकांची, म्हणजे साइनच्या तक्त्यांची, कटकटच काढून टाकली त्यांनी. साध्या गुणाकार-भागाकारावर खेड्यातला जोशी ग्रह मांडू लागला. आणि प्रमाण मानलं ते आकाशाला. सूर्यसिद्धान्तातला चंद्र नऊ कला कमी करून घेतला. आर्यपक्षाच्या, म्हणजे आर्यभटाच्या परंपरेतल्या, शनीत पाच अंश मिळवले. पोथी चुकली म्हणायला छाती लागते.

नात : लागतेच. पण शनी पाच अंश चुकला कशाने, हे कुठे विचारलं? ठिगळ लावलं आणि पुढे गेले.

आजोबा : मग तुझ्या कोपर्निकसचं गणित टॉलेमीहून फार अचूक होतं का?

नात : नाही. वर्तुळं त्यालाही सुटली नाहीत. लंबवर्तुळ आणलं केप्लरने, १६०९ साली.

आजोबा : म्हणजे उत्तराची अचूकता तेवढीच, वर पृथ्वी फिरते हेही मानायचं! कशासाठी?

नात : मंगळ, गुरू, शनी यांची जागा दुरुस्त करायला जे शीघ्रोच्च लागतं, ते तुमच्याकडे काय धरतात?

आजोबा : मध्यम सूर्य, म्हणजे एकसारख्या गतीने चालतो असा धरलेला सूर्य.

नात : आणि बुध-शुक्राचा मध्यम ग्रह?

आजोबा : तोही मध्यम सूर्यच.

नात : बघा! पाचही ग्रहांच्या गणितात सूर्य बसलेला, आणि तो तिथे का, हे विचारायचं राहून गेलं. कोपर्निकसने त्याचं कारण दिलं. आपली पृथ्वीच सूर्याभोवती फिरते, म्हणून तिची गती प्रत्येक ग्रहात दिसते. मंगळ वक्री होतो तोही पृथ्वी त्याला मागे टाकते म्हणून.

आजोबा : पटलं. पण ग्रहणाची वेळ सांगायला हे कारण लागत नाही.

नात : कोपर्निकसच्याच पुस्तकाला ओसिअँडरने निनावी प्रस्तावना जोडली, तीही हेच म्हणते : गृहीतक खरं असायलाच हवं असं नाही, गणित जुळलं की पुरे.

आजोबा : शहाणा माणूस!

नात : पण जुळेनासं झालं की? कारण माहीत नसेल तर चूक शोधायची कुठे?

आजोबा : आणि नुसतं कारण घेऊन बसलं, तर चूक झाल्याचं कळणार कसं? केप्लरलाही टायकोने घेतलेले मंगळाचे वेध लागलेच ना?

नात : लागले. त्याची वर्तुळं मोडली ती त्या वेधांनीच.

आजोबा : मग तू शिकवशील तेव्हा पोरांना आधी शनीचे पाच अंश दाखव. जुळलेल्या आकड्यावर कुणी प्रश्न विचारत नाही.