रास्त भाव कोणाचा?

भाव करणे हा आपल्याकडे संसारदक्षतेचा भाग मानला जातो. मासळीचा वाटा किती रुपयांनी उतरवून आणला, हे घरात कौतुकाने सांगितले जाते आणि त्या कौतुकात वावगे काही नाही. परंतु रास्त भाव म्हणजे नेमका कोणता? घेणाऱ्याला परवडणारा, देणाऱ्याला हवासा वाटणारा, की घासाघीस होऊन जो ठरेल तो? वसईच्या बाजारात इतकी वर्षे हिंडूनही आम्हां पती-पत्नीला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो पडला अमेरिकेत, लेकीकडे पाहुणचार घेत असताना.

त्या देशात ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणून एक चाकांवरचे घर मिळते. त्याला स्वतःचे इंजिन नसते. दणकट मोटारीमागे जोडून ते ओढत न्यायचे. आत बिछाने, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर अशी सगळी सोय. सुटीत मुलाबाळांसह अरण्यांतून, सरोवरांकाठी मुक्काम करीत हिंडावे म्हणून साधी नोकरदार कुटुंबेही ते घेतात. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हा परगणा या उद्योगाचे माहेरघर होय. जावईबापूंनी असा ट्रेलर घ्यायचे ठरविले आणि आम्हीही हौसेने सोबत निघालो.

विक्रेत्याच्या आवारात एका नव्या ट्रेलरवर 30,000 डॉलरची चिठ्ठी होती. ही चिठ्ठी म्हणजे बोलणीची केवळ सुरुवात, असे जावईबापूंनी आम्हांला समजावले. नव्या मोटारीवर कारखान्याने सुचविलेली किंमत लावलीच पाहिजे, असा कायदा तेथे 1958 साली झाला. ट्रेलरला मात्र तो लागू नाही. त्यामुळे आकडा आधी फुगवायचा आणि मग ‘खास सवलत’ द्यायची, हा या धंद्यातला नित्याचा परिपाठ. जाणकार गिऱ्हाईक छापील किमतीतून पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक सहज उतरवून घेते. पण एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने परत घेतली जाते: वाहतूक खर्च, ‘तयारी’चा खर्च, कागदपत्रांचा खर्च. म्हणून शहाण्याने एकच विचारावे, सर्व मिळून शेवटची रक्कम किती?

विक्रेत्याने त्याचे सरळ उत्तर दिले नाही. उलट महिन्याला किती हप्ता झेपेल, असे त्याने विचारले. हा प्रश्न गोड असला तरी फसवा आहे. 30,000 डॉलर 15 वर्षांच्या मुदतीने, दरसाल 8 टक्के व्याजाने घेतले, तर हप्ता सुमारे 287 डॉलरच पडतो. पण सारे हप्ते मिळून 51,000 डॉलरांहून अधिक भरावे लागतात. हा भाव आजच्यापुरताच आहे, अशी घाईही त्याने केली. जावईबापू शांतपणे उठले. आम्हांला त्यांचा अभिमान वाटला.

पुढच्या आठवड्यात एका वृद्ध विधवेच्या अंगणातील जुना ट्रेलर पाहायला गेलो. जावईबापूंनी छताचे सांधे तपासले, पाणी मुरून जमीन मऊ पडली आहे का हे पायाने दाबून पाहिले, टायरवरील चार अंकी खुणेवरून ते कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात तयार झाले हे वाचले. टायर जुने होते. बाकी सारे ठणठणीत. बाई म्हणाल्या, 4,000 डॉलर द्या. घर विकले आहे, महिनाअखेर अंगण रिकामे करायचे आहे. जुन्या ट्रेलरांच्या दरसूचीत त्याच ट्रेलरची किंमत 8,000 डॉलरांच्या वर होती.

आम्ही जावईबापूंना मराठीत हळूच म्हटले, “काही बोलू नका, देऊन टाका.” वाचकहो, हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिले नाही तर या लेखाला अर्थ उरणार नाही. जावईबापूंनी आमच्याकडे पाहिले आणि बाईंना दरसूची उघडून दाखविली. टायरांचा खर्च वजा जाता 7,500 डॉलरना व्यवहार ठरला.

परतताना आमचे मन स्वतःचीच वकिली करीत होते. भाव बाईंनीच सांगितला होता, आम्ही खोटे बोललो नव्हतो, त्यांच्यावर सक्ती केली नव्हती. पण 1891 साली पोप लिओ तेरावे यांनी आपल्या परिपत्रकात मजुरीविषयी हाच मुद्दा मांडला होता: दोघांची संमती एवढ्याने व्यवहार न्याय्य ठरत नाही, गरजेपोटी दिलेली संमती ही संमती नसून लाचारी असते. पोप सहावे पॉल यांनी 1967 साली तोच विचार राष्ट्राराष्ट्रांतील व्यापाराला लावला. अंगणातल्या व्यापाराला तो का लावू नये?

संत ऑगस्टिन यांनी एका परिचिताची गोष्ट नोंदविली आहे. त्याला कोणी एक हस्तलिखित क्षुल्लक किमतीत देऊ केले. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नाही हे ओळखून त्याने आपण होऊन खरी किंमत दिली. संत थॉमस अक्वायनस तर स्पष्टच सांगतात की, सोने पितळ समजून विकणाऱ्याकडून जो जाणूनबुजून ते पितळेच्या भावात घेतो, तो अन्याय करतो आणि भरपाईला बांधलेला असतो. रास्त भाव काट्यावर तोललेला नसतो, थोडे इकडेतिकडे चालते, हेही तेच सांगतात. विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या गरजेचे पैसे लावू नयेत, कारण ती गरज त्याच्या मालकीची नाही, हाही त्यांचाच विचार. मग विकणाऱ्याची अडचण तरी घेणाऱ्याच्या मालकीची कशी?

तेव्हा आम्हांला आमच्या वाडवडिलांची केळीची वाडी आठवली. मुंबईचा त्या दिवसाचा भाव दलालाला ठाऊक असे, आमच्या वडिलांना नसे. त्यांनाही कोणी सक्ती केली नव्हती. घड गाडीत चढत आणि घरात चार दिवस कोणी मोठ्याने बोलत नसे. त्या दलालाला आम्ही जन्मभर नावे ठेवली. आणि त्या परक्या अंगणात, तीन-चार हजार डॉलरांसाठी, आम्ही त्याच्याच जागी उभे होतो.

घासाघीस हे पाप नव्हे. पहिल्या विक्रेत्याशी जावईबापू निकराने झगडले ते योग्यच होते. तेथे दोन्ही बाजूंना हिशेब ठाऊक होता. पण जेथे एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, एकाला सवड आहे आणि दुसरा अडलेला आहे, तेथे ज्याला ठाऊक आहे त्यानेच दोन्ही बाजूंचा भाव करावा लागतो. पुढच्या वेळी एखादी वस्तू फार स्वस्तात पदरी पडली, तर घरी कौतुक सांगण्यापूर्वी क्षणभर थांबू या, आणि एवढे विचारू या: देणाऱ्याला ठाऊक होते ना?